दक्षिणेची बगल आणि आठ चिंचोके

पलूसहून एका कॉलेजच्या मुलानं विचारलंय: "सर, वाळवंटाच्या डावात मी तीनदा बचाव केला आणि तिन्ही वेळा सातव्या-आठव्या टर्नला हरलो. समुद्रापासून खाली सरळ ओळ लावतो, पुढे सुरुंग पेरतो, मागे रणगाडे सारखे वाटून ठेवतो. तरी समोरचा दक्षिणेकडून वळसा घालून माझा डेपो, म्हणजे रसदीचा साठा, घेतो. माझं चुकतंय कुठे?"

आधी डावाची ओळख करून देतो, कारण वाचणाऱ्या सगळ्यांनी तो पाहिलेला नसेल. आमच्या सांगलीतल्या रविवारच्या टेबलावर गेली अठरा वर्षं जे युद्धाचे डाव चालतात, त्यातला हा सगळ्यात जास्त खेळला गेलेला. नकाशा षटकोनी घरांचा. एक घर म्हणजे २ किलोमीटर, एक टर्न म्हणजे अर्धा दिवस, एकूण १८ टर्न. उत्तरेला समुद्र, दक्षिणेला उघडं वाळवंट. मूळ प्रसंग लिबियातल्या गझालाचा, मे १९४२ चा. ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीची फळी तेव्हा गझालाच्या किनाऱ्यापासून खाली बीर हकीमपर्यंत होती, साधारण ६५ किलोमीटर. आमच्या नकाशावर ती ३२ घरांची येते आणि तिच्या खाली ८ घरं मोकळी ठेवली आहेत. बचाव करणाऱ्याकडे १४ पायदळाच्या तुकड्या, ६ रणगाडाविरोधी तोफा, ५ तोफखाने, रणगाड्यांच्या ७ तुकड्या आणि सुरुंगांचे २० ठोकळे असतात.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. ओळ पातळ आहे म्हणून तू हरतोस असं तुला वाटतंय. पण तुझी ओळ तिन्ही डावांत कुठेच तुटलेली नाही. समोरच्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जिला टोक आहे आणि त्या टोकाला रिकामी जमीन आहे, ती ओळ वाळवंटात कितीही जाड केलीस तरी तेच होणार. पुढे इजिप्तमधल्या अल अलामीनला ब्रिटिश टिकले त्यात जमिनीचा मोठा वाटा होता. उत्तरेला समुद्र आणि दक्षिणेला कत्ताराचा खोलगट भाग, जो सर्वात खोल ठिकाणी समुद्रसपाटीच्या १३३ मीटर खाली जातो आणि जिथल्या मऊ वाळूत आणि खारट दलदलीत रणगाड्यांची फौज चालत नाही. दोन्ही टोकं बंद, मध्ये ६० किलोमीटरच्या आसपास अंतर. अशी जागा तुझ्या नकाशावर नाही. मग दक्षिणेचं टोक बंद करायला तुझ्याकडे एकच गोष्ट उरते, ती म्हणजे समोरच्याचं पेट्रोल.

पेट्रोल आम्ही चिंचोक्यांनी मोजतो. सुरुवातीला कागदावर आकडे लिहायचो, पण आकडा खोडून नवा लिहिला की माणूस विसरतो. चिंचोका तुकडीशेजारी ठेवावा लागतो, दर चालीला उचलून डबीत टाकावा लागतो, आणि ढीग उतरताना डोळ्यांना दिसतो. रणगाड्यांच्या प्रत्येक तुकडीला आठ चिंचोके. एका चिंचोक्यात कडक जमिनीवर चार घरं, मऊ वाळूत दोन. लढाईची प्रत्येक फेरी एक चिंचोका खाते.

आता समोरच्याच्या जागी बसून मोज. त्याच्या सुरुवातीच्या जागेपासून तुझ्या ओळीच्या शेपटाला, म्हणजे दक्षिणेच्या टोकाला, घासून वळून तुझ्या डेपोपर्यंत २६ घरं होतात. म्हणजे सात चिंचोके. हातात एक उरतो, आणि डेपोवर तू काहीच ठेवलेलं नसल्यामुळे त्याला तेवढा पुरतो. तो तीनदा जिंकला तो या एका चिंचोक्यावर.

आता शेपटाला, म्हणजे ३२ व्या घरात, एकट्या पायदळाऐवजी नीट ठाणं बसव. दोन पायदळ, एक रणगाडाविरोधी तोफ, एक तोफखाना. या ठाण्याला घासून जाणं आता महाग पडतं, म्हणून तो तीन घरं आणखी खाली उतरून वळतो आणि तेवढीच परत वर चढतो. २६ ची ३२ घरं झाली. बरोबर आठ चिंचोके. तो तुझ्या डेपोपाशी पोचतो तेव्हा डबी भरलेली आणि तुकडीशेजारची जागा रिकामी असते. त्याला थांबून लॉऱ्यांची वाट बघावी लागते. नियमाप्रमाणे जिवंत ठाण्याच्या दोन घरांच्या आत लॉरी जाऊ शकत नाही, त्यामुळे लॉऱ्याही लांबून येतात, तीन टर्न लागतात. त्या तीन टर्नमध्ये डाव तुझा आहे.

हे कागदावरचं गणित वाटेल, पण गझालाला हेच घडलं. २६ मेच्या रात्री जर्मन सेनापती रोमेल बीर हकीमच्या खालून वळला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भागात उभी असलेली तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड चिरडली गेली आणि त्याचे रणगाडे ब्रिटिशांच्या पाठीमागे पोचले. पण बीर हकीमचं ठाणं जनरल केनिगच्या फ्रेंच फौजेनं सोडलं नाही. रसद त्याच ठाण्याला वळसा घालून आणावी लागत होती. पेट्रोल, पाणी, दारूगोळा सगळंच खुंटलं, आणि रसदीचा एक ताफा आत आणायला रोमेलला स्वतः पुढे व्हावं लागलं. त्या दिवसांत ब्रिटिशांनी आपले रणगाडे एकवटून मारले असते तर काय झालं असतं, यावर आमच्या टेबलावर खूप भांडणं झाली आहेत. माझं मत ठाम आहे: आठवडाभरात डाव संपला असता. प्रत्यक्षात त्यांनी ब्रिगेड-ब्रिगेड करून, सुट्टे सुट्टे रणगाडे पाठवले. तेवढ्या वेळात रोमेलनं फळीच्या मधलं १५० व्या ब्रिगेडचं ठाणं १ जूनला संपवलं आणि सुरुंगांतून थेट रस्ता काढला. मग वळसा घालायची गरजच उरली नाही.

म्हणून ठाणी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवीत. १५० वी ब्रिगेड शौर्यात कमी पडली नाही, ती एकटी पडली. आमच्या नियमात तोफखान्याचा टप्पा सहा घरं, म्हणजे १२ किलोमीटर. ब्रिटिशांच्या २५ पौंडी तोफेचा खरा टप्पाही तेवढाच होता, म्हणूनच तो घेतला. दोन ठाण्यांमध्ये सहापेक्षा जास्त घरं गेली की एकावर हल्ला झाला तर दुसरं नुसतं बघत बसतं. तुझ्याकडे पाच तोफखाने आहेत, म्हणजे पाच ठाणी. घर ८, १४, २०, २६ आणि ३२. प्रत्येकात दोन पायदळ, एक रणगाडाविरोधी तोफ, एक तोफखाना. समुद्राजवळच्या सात घरांत कडा आहे, रणगाड्यांना चढायला वाट कमी, तिथे दोन पायदळ पुरतात. उरलेली दोन पायदळं आणि सहावी तोफ डेपोवर. मधल्या मोकळ्या घरांची काळजी करू नकोस. तिथून कोणी घुसलाच तर दोन्हीकडून मार खात घुसेल.

सुरुंगांबद्दल एकच नियम मी मुलांना पाठ करायला लावतो. ज्या सुरुंगावर आपली तोफ रोखलेली नाही, तो समोरच्यासाठी फक्त एका टर्नचा उशीर आहे. त्याचे सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारे सैनिक, येतात, काढतात, जातात. तुझे वीसच्या वीस ठोकळे ओळीच्या पुढे सरसकट पसरलेले होते. त्यातले बारा दोन ठाण्यांच्या मधल्या घरांत टाक, जिथे दोन्हीकडचा तोफखाना पोचतो. उरलेले आठ दक्षिणेच्या ठाण्याच्या खाली, त्याच्या तोफखान्याच्या टप्प्यात.

हे सांगताना मला लिबियातलं टोब्रुक बंदर आठवतं, आणि ते इथल्या माणसांनी विसरू नये असं मला मनापासून वाटतं. १९४१ मध्ये टोब्रुक २४१ दिवस लढलं. आत बहुतांशी ऑस्ट्रेलियन होते, मेजर जनरल मोर्सहेड त्यांचा प्रमुख. एप्रिलच्या पहिल्या मोठ्या हल्ल्यात त्यांनी जर्मन रणगाडे आत येऊ दिले आणि खंदकातल्या पायदळानं जागा न सोडता मागून येणाऱ्या जर्मन पायदळाला अडवलं. एकटे आत आलेले रणगाडे मग तोफांच्या तोंडी सापडले. तेच टोब्रुक २० जून १९४२ ला एका दिवसात फुटलं आणि २१ ला शरण गेलं. ज्या आग्नेय बाजूला घाव पडला, तिथे ११ व्या इंडियन ब्रिगेडमधली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. मराठा रेजिमेंटची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या पट्ट्यातली, आणि आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा साताऱ्यातच होता. १९४९ ला तो दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० ला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे त्या खंदकांत आपल्याच गावांतली पोरं बसलेली होती. टोब्रुकचे बरेच सुरुंग आधीच काढून गझालाच्या फळीत नेलेले होते, रणगाडे अडवायचा चर जागोजागी वाळूनं भरून आला होता, आणि मागची कुमक उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आली. पहाटे विमानांचा मारा, मग रणगाडे, संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात. समोरच्या पायदळाच्या हातात यातलं काहीच नव्हतं. डावात सुरुंगांचा ठोकळा एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवताना, उघड्या पडलेल्या घरात कोण बसलंय ते बघत जा.

आता रणगाडाविरोधी तोफा. इथे सगळे नवे खेळाडू एकच चूक करतात, आणि तूही केली असशील असं मी धरतो: तोफ टेकाडाच्या माथ्यावर ठेवायची, लांबचं दिसतं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी चार मुलांना घेऊन जतकडच्या एका माळावर गेलो होतो. वाळवंट नव्हे ते, पण उघडं आहे. कुसळी गवत, मुरूम, अधूनमधून बाभळ, आणि लांबून सपाट वाटणाऱ्या त्या माळाला खरं तर लाटांसारखे बारीक उंचवटे आहेत. एका मुलाला उंचवट्याच्या माथ्यावर उभं केलं, दुसऱ्याला त्याच उंचवट्याच्या मागच्या उतारावर, माथ्यापासून तीनशे पावलांवर, एका ओघळीत बसवलं. मी आणि उरलेले दोघं जीप घेऊन दीड-दोन किलोमीटर लांब गेलो आणि परत फिरलो. माथ्यावरचा मुलगा आभाळावर काढलेल्या काळ्या रेघेसारखा पहिल्यापासून दिसत होता. शर्टाचा रंग कळत नव्हता, पण माणूस आहे हे कळत होतं. ओघळीतला आम्हाला दिसलाच नाही. जीपची पुढची चाकं माथ्यावरून खाली कलली, तेव्हा तो अचानक समोर, हात वर करून उभा. त्यानं सांगितलं, "सर, आधी धूळ दिसली, मग टप, मग काच, मग पूर्ण गाडी. तुम्ही मला बघायच्या आत मी दहा आकडे मोजले."

दहा आकडे म्हणजे तोफेच्या एक-दोन गोळ्या. शिवाय तोफ माथ्यामागे असली की समोरच्याचा एकेक रणगाडा माथा ओलांडून येतो, आणि लांब उभ्या असलेल्या बाकीच्यांना तो कशानं पेटला ते कळत नाही. वाळवंटातल्या सुरुवातीच्या लढायांत ब्रिटिशांची २ पौंडी तोफ जवळूनच परिणामकारक होती. जर्मन रणगाडे तिच्या टप्प्याबाहेर थांबून तिला भाजून काढायचे. मागच्या उतारावर हा त्यांचा फायदा संपतो.

आणि गोळी रोखून धरायची. आमच्या नियमात तोफेचा ठोकळा पालथा असतो आणि पहिली गोळी झाडेपर्यंत समोरच्याला तो नुसता ठोकळा आहे, आत काय आहे ते माहीत नसतं. पहिल्या गोळीला फाशावर दोन जास्त मिळतात. तू दोन घरांवर शत्रू आला की फासा टाकतोस. टाकू नकोस. शेजारच्या घरात येऊ दे. जून १९४१ मध्ये हलफाया खिंडीत जर्मनांनी ८८ मिलिमीटरच्या तोफा जमिनीत इतक्या खोल बसवल्या होत्या की नळी जमिनीलगत होती. ब्रिटिशांचे जाड कवचाचे मटिल्डा रणगाडे जवळ येईपर्यंत तोफा गप्प राहिल्या, आणि मग खिंडीसमोर रणगाडेच रणगाडे जळत राहिले. दुसरं उदाहरण ब्रिटिशांचं आहे. २७ ऑक्टोबर १९४२, अल अलामीन. रायफल ब्रिगेडची एक बटालियन १९ सहा पौंडी तोफा घेऊन एका उथळ खळग्यात दिवसभर रणगाड्यांशी लढली. खळगा इतका उथळ की नकाशावर बघणाऱ्याला तो जाणवलाही नसता. त्यांच्या कमांडिंग ऑफिसरला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणून नकाशावरची समोच्च रेषा वाचताना मी मुलांना टेकाडं शोधायला सांगत नाही, खळगे शोधायला सांगतो.

सूर्याचा नियम सगळे विसरतात. वळसा घालून आलेला माणूस तुझ्या डेपोवर पूर्वेकडून येतो. सकाळच्या टर्नला सूर्य त्याच्या पाठीशी आणि तुझ्या डोळ्यांत, तुझी नजर एक घर कमी. डेपोवरची तोफ म्हणून डेपोच्या पूर्वेला ठेवू नकोस. थोडी उत्तरेला सरकव, म्हणजे बाजूनं मारता येईल.

विमानांचं थोडक्यात: सगळी विमानं लॉऱ्यांवर. रणगाड्यावर टाकलेला बाँब फाशाच्या लहरीवर, लॉरीवर टाकलेला बहुतेक वेळा लागतो, आणि लॉरी गेली की चार चिंचोके गेले. रात्रीच्या टर्नला विमानं नसतात, म्हणून रात्री टिकून राहायचं आणि पहाट गाठायची. ४-५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवालाला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि पंजाब रेजिमेंटची त्यांची कंपनी तशीच टिकली. रात्रभर हाताशी असलेल्या मोजक्या तोफांवर काढली. काटेरी तार बघून समोरच्याला सुरुंगांची शंका आली आणि त्याचा वेळ गेला. मऊ वाळूत रणगाडे रुतले, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. डावात तारेचा ठोकळा सगळ्यात स्वस्त असतो. तो घे, आणि सुरुंग नाहीत तिथे लाव.

शेवटी रणगाडे. सात तुकड्या तू सात जागी ठेवल्यास, म्हणजे समोरच्याला त्या एकेक करून सात वेळा मिळाल्या. सातही डेपोच्या वायव्येला, २० आणि २६ या ठाण्यांच्या मागे, एका घरात नाही पण एकमेकांच्या शेजारी ठेव. आणि पहिले पाच टर्न हलवू नकोस. हे सगळ्यात अवघड. समोरचा बीर हकीमकडे धूळ उडवत निघालेला दिसला की हात शिवशिवतात. मी स्वतः पहिली काही वर्षं याच शिवशिवण्यावर डाव घालवले. एकदा तर सहा तुकड्या घेऊन त्याच्या मागे धावलो आणि माथ्यामागे पालथ्या ठोकळ्यांत लपवलेल्या चार तोफांवर जाऊन आदळलो. दोन टर्नमध्ये दोन तुकड्या उरल्या. जर्मनांची ती आवडती चाल होती: रणगाडे दाखवायचे, मागे घ्यायचे, पाठलाग करणाऱ्याला तोफांवर आणायचं. ऑगस्ट १९४२ च्या शेवटी अल अलामीनजवळच्या आलम हाल्फाला ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीनं आपल्या रणगाड्यांना पाठलागाची मनाई केली. ते कड्यावर दबून बसून राहिले, रोमेल त्यांच्यावर येऊन थडकला, वरून विमानं, मागे पेट्रोल नाही, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो आपणहून मागे गेला.

तुझ्या डावात तो क्षण कधी येतो ते सांगतो. समोरच्याच्या पुढच्या दोन तुकड्यांशेजारी चिंचोका उरला नाही की तो साधारण सहावा टर्न असतो. त्या टर्नला सातही तुकड्या एकत्र, त्याच्या रणगाड्यांवर नाही, त्याच्या आणि लॉऱ्यांच्या मधल्या घरांवर. तिथे बस आणि दोन टर्न बसून राहा. त्याला पेट्रोलसाठी तुझ्यावर यावं लागेल, आणि येण्यापुरतं पेट्रोल त्याच्याकडे नसेल.

दक्षिणेच्या ठाण्याचं काय, हा प्रश्न तू पुढे विचारशीलच. ते वेढलं जाणार. त्याला मदत पाठवायच्या नादात फळी मोडू नकोस, पण ते मरेपर्यंत तिथेच ठेवायचं असंही नाही. बीर हकीमच्या लोकांनी पंधरा दिवस टिकाव धरला, आणि १० जूनच्या रात्री वेढा फोडून बाहेर पडले. साधारण ३,७०० पैकी २,७०० च्या आसपास सुटले. डावात पायदळाच्या शेजारी पाण्याचा एकच ठोकळा उरला की त्याच रात्रीच्या टर्नला बाहेर काढ, पश्चिमेकडे. शत्रूची नजर पूर्वेला, तुझ्या डेपोकडे लागलेली असते, आणि पश्चिमेची वाट तो सहसा पातळ ठेवतो. तिथून खाली मोकळ्या वाळवंटात उतर आणि शत्रूच्या मागून वळून आपल्यात ये. तोफखाना नेता आला नाही तर निकामी करून सोड. सोडलेला तोफखाना पुढच्या टर्नला तुझ्यावरच उलटतो, तसा नियम आहे.

ही मांडणी घरी एकदा लावून बघ. पुढच्या रविवारी आलास तर लाल, म्हणजे हल्ल्याची, बाजू मी घेतो.